माझ्या ब्लॉगवरचा रिजेक्ट माल

आम्ही चार रिटायर्ड माणसं एकत्र बसलो की बीपी-शुगरनंतर विषय निघतो तो माझ्या ब्लॉगचा. ब्लॉग कुणी वाचलेला नसतो, पण त्यावर काय काय कमेंट आल्या ते सगळ्यांना ऐकायचं असतं. असे किस्से आता इतके साठलेत की लेख कमी आणि किस्से जास्त झालेत.

ब्लॉग आमच्या टाउनशिपवर आहे. भोपाळच्या ज्या कारखान्यात मी इन्स्पेक्शनमध्ये जन्म काढला, तिथली क्वार्टर्स, तिथलं कँटीन, तिथली माणसं. पण खरं सांगू? मी लिहितो एकट्या वझेसाठी. वझे प्रॉडक्शनचा फोरमन. तो तयार झालेला जॉब तपासायला पाठवायचा, मी त्यावर लाल पेंटने रिजेक्टची फुली मारायचो. हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी तोच जॉब, काहीही न सुधारता, परत पाठवायचा. वर म्हणायचा, "म्हटलं, आज तुझा मूड बरा असेल."

रिटायर झाल्यावर त्याला पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मी एकदा भेटून आलो. त्याचं ते नुसतं माझ्याकडे बघत राहणं मला सोसलं नाही. माझ्या कोलार रोडच्या घरापासून त्याचं बाग सेवनिया काही परदेशात नाही, पण दीड वर्ष माझा पाय उचलला नाही. सांगायला लाज वाटते. ब्लॉगची लिंक तेवढी त्याच्या फोनवर पाठवली आणि वाट बघत बसलो. एक ओळ तरी लिहील.

पहिली कमेंट आली तेव्हा मी बायकोला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. लेख कँटीनच्या पोह्यांवर होता. खाली लिहिलं होतं, सात दिवसांत मुतखडा विरघळवा.

"कँटीनमध्ये जेवलेला दिसतोय कुणीतरी," बायको म्हणाली आणि फोडणी जळेल म्हणून निघून गेली.

मग गेटवरचे तिवारीजी वारले. आम्हा सगळ्यांच्या पोरांना त्यांनी सायकल शिकवलेली. मी डोळे पुसत पुसत लेख लिहिला. तासाभरात कमेंट हजर: "खूप उपयुक्त माहिती. असेच आणखी लेख यावेत."

मी ती मुळ्येला दाखवली. मुळ्ये उज्जैनचा, डिस्पॅचमध्ये पत्रांची आवक-जावक बघायचा. त्याने चष्मा वर करून वाचली आणि म्हणाला, "असेच आणखी म्हणजे, यार, आता आपलाच नंबर."

या मुळ्येने तर कहर केला. मी आठ दिवस मुलीकडे पुण्याला गेलो होतो, तेव्हा ब्लॉग त्याच्या ताब्यात दिला. परत येऊन बघतो तर केस उगवणारं तेल, वशीकरणवाले बाबा, एकटेपणाने गांजलेली कुणी परदेशी बाई, सगळ्यांना त्याने एकेक उत्तर दिलेलं. "आपले पत्र मिळाले. योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठविले आहे."

मी कपाळावर हात मारला. मुळ्ये बिलकुल शांत. "पत्र आलं तर जवाब द्यावाच लागतो ना? डिस्पॅचमध्ये मी एक कागद पेंडिंग नाही ठेवला."

जवाब मिळतो म्हटल्यावर ते दुप्पट यायला लागले. त्या परदेशी बाईने तर कार्यवाही कुठवर आली म्हणून चौकशी केली.

शेवटी मी सेटिंग बदललं. आता कमेंट आधी माझ्या फोनवर येते, मी पास केली तरच दिसते. नियम जुनाच, इन्स्पेक्शनचा. शंका आली की रिजेक्ट. रोज सकाळी चहा झाला की मी बसायचो आणि फुल्या मारत सुटायचो. पास करण्यासारखं काही नसायचंच. खोटं कशाला बोलू, काही सकाळी रडू यायचं. इतकं लिहून शेवटी कुणाशी बोलतोय मी? तेलवाल्यांशी?

त्यातला एक फारच चिवट. नाव नाही, गाव नाही. रोज साडेदहाच्या सुमाराला तीच एक ओळ: "व्हेरी नाइस सर. कीप इट अप." लेख तिवारीजींवर असो की पाण्याच्या टाकीवर. मशीनच ते, त्याला काय कळतंय! बायकोला म्हणालो, "याला कंटाळा कसा येत नाही?" आणि रोज फुली मारली. सात-आठ महिने तरी मारली असेल.

संक्रांतीला बायकोने ऐकलंच नाही. "तुम्ही येणार नसाल तर मी एकटी जाते," म्हणाली आणि मला बाग सेवनियाला घेऊन गेली. वझे खिडकीशी खुर्चीत बसला होता. मी तिळगूळ त्याच्या डाव्या हातावर ठेवला.

वहिनींनी चहा आणला. "भाऊजी, तुमचं लिहिलेलं मी रोज वाचून दाखवते ह्यांना. मग हे फोन मागतात. डावं एकच बोट चालतं, त्यामुळे फोन जे शब्द पुढे करतो तेच दाबत जातात. एका ओळीला अर्धा तास लागतो. नाव कुठे टाकायचं ते काही आम्हाला जमलं नाही." मग म्हणाल्या, "पण ते नंतर तिथे दिसत का नाही हो?"

मी वझेकडे बघितलं. त्याने डाव्या हाताचं बोट उचललं आणि हवेत, माझ्या तोंडासमोर, सावकाश एक फुली मारली. अर्ध्या तोंडाने हसला. मग फोन मांडीवर ओढून घेतला आणि बोट चालवायला लागला. चहा निवला. बऱ्याच वेळाने माझ्या खिशातला फोन वाजला.