शेठचा रुमाल

जळगावच्या आमच्या फाउंड्रीत खडी-क्रशरचे पोलादी जबडे ओततात आणि त्यांचे रेतीचे साचे आम्ही ठोकतो. शेठ तसे गोड माणूस. प्रत्येक वाक्याशेवटी "बराबर ना?" विचारणार आणि उत्तराची वाट न बघता पुढं बोलत राहणार. पण बोलणार ते दारातूनच, नाकाला पांढरा रुमाल लावून. आत पाऊल म्हणून टाकत नसत. रेती छातीत बसते, हे आम्हाला डॉक्टरच्या आधी त्या रुमालानं सांगितलं होतं.

बोदवडचा आमचा सोबती खोकून खोकून घरी बसला, तेव्हा कुठं शेठनी वेगळी रेती मागवली. हिरवट होती.

"ऑलिव्हिन म्हणतात हिला," ते दारातून म्हणाले. "छाती खराब करते ती सिलिका हिच्यात नाहीच म्हणा. बराबर ना?"

आमच्यातल्या म्हाताऱ्या नानांनी घमेलं खाली ठेवलं.

"शेठ, इतली चांगली शे, तर रुमाल कसाले?"

शेठ सरळ आत आले, पालथ्या पेटीवर बसले आणि चहा मागवला.

"काम चालू द्या."

आम्ही रेती चाळायला घेतली. धूळ उडत होती. शेठचा चहा पँटवर सांडला, तो त्यांनी त्याच रुमालानं पुसला आणि रुमाल बाजूला टाकला.

"बराबर ना?" त्यांनी विचारलं, आणि या खेपेला थांबले.

मी तोंडावरचा गमछा सोडला. छाती भरून श्वास घेतला.

"बराबर, शेठ."