चातुर्मासातलं वांगं

लोक म्हणतात, सवय होते. डोंबलाची होते! गंधवानीकडच्या गावांतून शौचाच्या नमुन्यांच्या डब्या गोळा करायच्या आणि धारच्या लॅबमध्ये त्यांत जंतांची अंडी शोधायची, हे माझं काम. इतकी वर्षं झाली, तरी झाकण उघडताना मी तोंड फिरवते ती फिरवतेच.

शनिवारी देवासला घरी गेले की आई मला उंबऱ्याबाहेरच अडवायची. "आधी मागच्या नळावर हातपाय धू, मग अंघोळ, मग चहा. आणि ती थैली आत आणू नकोस, बाई." आमचं घर सोवळ्याओवळ्याचं. चातुर्मासात आई कांदा, लसूण, वांगं सोडते, चपलाही सोडते. सकाळी अनवाणीच मागच्या रिकाम्या प्लॉटवर जाते, दुर्वा खुडते आणि गणपतीला वाहते. वर्षानुवर्षं हे असंच.

त्या श्रावणात ती जिना चढताना धापा टाकायला लागली. मी तिची खालची पापणी ओढून पाहिली तर आत पांढरंफटक. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "हीमोग्लोबिन बहुत डाउन है. कहीं अंदर से खून जा रहा है. इंदौर ले जाओ, दूरबीन से देखना पड़ेगा." कॅन्सरचा शब्द त्यांनी काढला नाही, पण बाबांना तो ऐकू आलाच.

मी म्हटलं, थांबा, रक्त जंतांनीही जातं; आधी डबी.

"शी! मी? आणि ते तू बघणार, काचेखाली? माझी पोरगी?" दिवसभर तिनं मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पिशवीत पिशवी घालून गुंडाळलेली डबी नळाजवळ ठेवलेली होती.

ती बर्फाच्या डब्यात घालून मी बस धरली. कंडक्टर हसून म्हणाला, "क्या दीदी, मम्मी ने खाना बाँध दिया?" मला तिथेच उलटी व्हायची बाकी होती.

लॅबमध्ये डबी उघडली. परक्यांचं रोज बघते, पण आईचं! मास्कच्या आत श्वास रोखून धरला. काचेवर एकही अंडं नाही. म्हणजे आता इंदूर, म्हणजे दुर्बीण. पुन्हा एकदा बघावं म्हणून उरलेला नमुना जाळीतून गाळला, तर जाळीवर राहिल्या बारीक, चपट्या, पिवळट बिया. वांग्याच्या.

चातुर्मासात, माझ्या आईच्या पोटात, वांगं?

गंधवानीत हे आम्ही नेहमीच झेलतो. सून सासऱ्यादेखत डबी कशी आणून देणार, म्हणून घरातला एकच जण सगळ्यांच्या डब्या भरून टाकतो. तिथे मी हात जोडून समजावते. इथे माझं डोकंच फिरलं. शेजारच्या भाभी बाबांसाठी भरीत पाठवतात, ते बाहेरच्या ओट्यावर बसून खातात, हे मला ठाऊक होतं. तडक फोन लावला.

"आई, ही डबी बाबांची आहे."

"काहीतरीच काय! माझीच आहे."

"खोटं बोलू नकोस. वांग्याच्या बिया निघाल्यात."

"तरी मी त्यांना सांगत होते," ती पुटपुटली, "चातुर्मासात खाऊ नका म्हणून."

"अगं, मरशील ना!" मी ओरडले, आणि मलाच रडू फुटलं. मग तिलाही.

आईची स्वतःची डबी बाबाच धारला घेऊन आले. पहिल्याच काचेवर अंकुशकृमीची अंडी, जिथे बघावं तिथे. आतड्याला डसून रक्त पिणारे किडे, माझ्या आईच्या पोटात! किळसही आली आणि जिवात जीवही आला, कारण ह्यांच्यावर गोळी आहे. डॉक्टरांनी जंतांचं औषध आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. दुर्बीण तूर्त राहू दे म्हणाले.

शनिवारी मी मागचा प्लॉट बघायला गेले. पलीकडच्या बांधकामावर ठेकेदारानं गेल्या पावसाळ्यापासून माणसं आणली होती, संडास आणला नव्हता. ती बिचारी भिंतीआड बसणार, नाही तर जाणार कुठे? पावसाचं पाणी ते सगळं आमच्या बाजूला लोटत होतं, थेट दुर्वांच्या हिरव्यागार गालिच्यात. वास असा की नाकाला पदर लावूनही उभं राहवेना. आणि त्याच चिखलात आईच्या अनवाणी पावलांचे ठसे. शी, शी, शी!

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. घाणीतल्या अंड्यांतून अळ्या निघतात, ओल्या मातीतून पायांच्या कातडीत शिरतात. ती उठली, मागच्या नळावर जाऊन बसली, आणि वजरीनं पाय घासायला लागली. टाचा लालबुंद झाल्या तरी थांबेना.

"अगं, ते केव्हाच आत गेलेत. वरून घासून काय होणार? गोळी घेतलीस ना, बरी होशील."

"माझं राहू दे गं," ती मान वर न करता म्हणाली. "त्या दुर्वा मी रोज गणपतीच्या डोक्यावर वाहिल्या."

मी तिच्याजवळ बसले आणि तिच्या हातातली वजरी काढून घेतली.