योगराजची उतरण

सालेकशात आज पोराटोरांकडे जाड टायरच्या, गिअरच्या सायकली दिसतात. त्या गोंदियाच्या दुकानांतून येतात, आणि लोकांना वाटतं की डोंगरावर सायकल घालणं हे काल-परवाचं खूळ आहे. वाटू द्या. या भागात ते खूळ पहिल्यांदा ज्याच्या डोक्यात शिरलं तो योगराज कापगते अजून बाजारातल्या त्याच टिनाच्या दुकानात बसतो. हल्ली पंक्चर असल्याशिवाय तिकडे कोणी फिरकत नाही.

तेंदूपत्ता तोडायला जाणारी माणसं काळ्या सायकली जंगलात नेत आणि पुढच्या चाकाचे चिमटे वाकवून परत आणत. तरुण योगराजनं जाड पाइपचा चिमटा बनवला, मडगार्ड काढून फेकले, सरळ रुंद हँडल बसवलं, रायपूरहून जाड टायर आणले. ती सायकल घेऊन तो दरेकशाकडच्या डोंगरावर गेला आणि कोपर फोडून घरी आला. लोक पोट धरून हसले. मग त्याच लोकांनी तशाच सायकली त्याच्याकडून बनवून घेतल्या. काही वर्षं दुकानात उभं राहायला जागा नसे. मोटरसायकली आल्या तसा धंदा बसला, पण योगराजचं डोकं काही ताळ्यावर आलं नाही. त्याला आता डोंगरावर शर्यत भरवायची होती.

शर्यतीला उतरण हवी. ती त्यानं स्वतः खोदली. कापगत्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या तलाव बांधायचं काम चालत आलेलं. कुदळ हातात आली की हात आपोआप पाट काढतो. पाणी जिकडे धावेल तिकडे, एकसारखा ढाळ देत त्यानं वाट माथ्यापासून पायथ्यापर्यंत आणली. तलाव भरायचा असता तर पाठ थोपटावी असं काम. पण ही सायकलींची वाट होती, आणि पावसाळ्यात डोंगराचं सगळं पाणी तिच्यातूनच उतरलं. खोल चर पडले. योगराजनं ते मुरूम टाकून बुजवले, वरून चोपले आणि दिवाळीनंतरची शर्यत जाहीर करून टाकली.

शर्यतीत सगळ्यांच्या पुढे त्याची मुलगी डिंपल होती. उतारावर तिच्यासारखा तोल कोणाचाच नव्हता. खालच्या वळणावर मुरूम खचला, पुढचं चाक आत गेलं आणि पोर दगडांवर आपटली. नागपूरला ऑपरेशनं झाली. पाय वाचला, पण उजवा गुडघा अर्धाच वाकतो.

घरी आल्यावर ती ज्याला त्याला सांगे, "ब्रेक माह्याच हातून जास्त दाबला गेला." योगराज ऐके आणि मान खाली घालून वाकड्या चाकाचा आउट काढत बसे. त्याला अन्न गोड लागेना. पोर स्वतःला दोष देते आहे, हे त्याला सहन होत नव्हतं. डिंपल एकदा पुन्हा सायकलवर बसावी, याखेरीज त्याला जगात काही नको होतं.

उन्हाळाभर तो एकटा डोंगरावर राबला. मग तिच्यासाठी सायकल बनवली, उजव्या पायडलची दांडी आखूड केली, म्हणजे गुडघा फार वाकवावा लागू नये. ती घेऊन तो अंगणात आला. डिंपल तांदूळ निवडत होती.

"उतरण आता आडवी काढली," तो म्हणाला. "वळनं देत देत. पयले पाटासारखी काढली होती, थेच चुकलं माहं. तुह्या ब्रेकचं काई नाही, बेटा."

तिचा हात थांबला नाही. "मले मालूम होतं, बाबा."

"काय मालूम होतं?"

"श्रावनात गेली होती मी वर. वाटेनं पानी धावून राहिलं होतं. थ्या वाटेवर मुरूम टिकनार नाही, हे तवाच समजलं होतं मले."

"मंग सांगितलं काऊन नाही? उतरली कायले?"

"सांगालेच आली होती दुकानात. तुमी लोकाइले सांगून राहिले होते, माही उतरन, माही पोरगी." तिनं सूप बाजूला ठेवलं. "माह्या जन्मात तुमाले येवढं खूश नव्हतं पाह्यलं मी."

मग भिंतीला धरून ती उठली. सायकलवरून एकदा हात फिरवला.

"चांगली झाली सायकल. कोनाले तरी देऊन टाका."

ती आत गेली. योगराज हँडल धरून अंगणात उभाच राहिला. सोडली तर सायकल पडेल, एवढंच त्याला सुचत होतं.