आईचं म्हणणं आणि मोबाइलमधली नोंद

मी आंबेगाव तालुक्यात, निरगुडसरच्या बाजूच्या एका उपकेंद्रात नर्स होते. लसीकरणाच्या नोंदी ब्लॉकचेनवर ठेवून बघायचा प्रयोग आमच्याकडं आला, तेव्हा माझी नोकरी पंधरा वर्षांची झाली होती. प्रशिक्षण द्यायला आलेल्या मुलीनं सोपं करून सांगितलं होतं. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला साखळीसारखी जोडली जाते, तिच्या प्रती चार ठिकाणी राहतात, आणि एकदा गेलेली नोंद कुणालाच खोडता येत नाही. चूक झाली तर तिच्याखाली दुरुस्तीची नोंद करायची, आणि ती वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मंजूर करायची. आयांना कागदी कार्डाऐवजी कोड छापलेलं एक कार्ड दिलं. ते स्कॅन केलं की कुठल्याही गावात बाळाचे सगळे डोस दिसायचे. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांना याचा उपयोग होईल, असं मला मनापासून वाटलं होतं.

तशाच एका कुटुंबातल्या दोन जावा गावच्या शाळेतल्या लसीकरण सत्राला आल्या. आमच्या शिवारात एकाच्या रानात त्यांची मेंढरं बसली होती. दोघींच्या कडेवर साधारण एकाच वयाच्या मुली, दोघींचा गोवर-रुबेलाचा पहिला डोस राहिलेला. धाकट्या जावेच्या मुलीच्या अंगाला हात लावला तर चांगलाच ताप होता. मी तिला परत पाठवलं, ताप उतरला की पुढच्या सत्राला आण म्हणाले. मोठीच्या मुलीला लस दिली.

शाळेत रेंज नसायची. म्हणून सत्र संपल्यावर मागच्या टेकाडावर जाऊन मी सगळ्या नोंदी एकदम भरायची. त्या दिवशी दोघींची नावं यादीत एकाखाली एक होती आणि मी दोन्हींवर टिक करून बटण दाबलं.

संध्याकाळी हिशेब लागेना. टोचण्या अकरा, नोंदी बारा. कुठं चुकलं ते लगेच कळलं. पूर्वी रजिस्टरात मी एक रेघ मारली असती आणि विषय संपला असता. आता दुरुस्ती टाकली तर ती माझ्या नावानिशी आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकारी साहेबांपर्यंत जाणार होती, आणि कायमची राहणार होती. मी मनाशी म्हटलं, पुढच्या सत्राला ती पोर येईलच. लस देऊन टाकू, तारखेचा काय तो फरक राहील. हा विचार मी केला, हे आजही लिहिताना जड जातं.

पुढच्या सत्राच्या आधीच त्यांनी तळ हलवला. कुठं गेले ते कुणाला नीट सांगता येईना. मी दोन-तीनदा दुरुस्तीचं पान उघडलं आणि बंद केलं.

वीस दिवसांनी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, कार्डावर छापलेल्या माझ्या नंबरवर फोन आला. ती धाकटी जाऊ होती. जुन्नर तालुक्यात, बेल्ह्याच्या पुढं एका दवाखान्याच्या दारात बसून बोलत होती. पोरीला चार दिवस ताप, डोळे लाल, आता तोंडावर पुरळ उठलं होतं. डॉक्टरांनी कार्ड स्कॅन केलं, गोवरची लस झालेली दिसली. साधं पुरळ असेल म्हणून त्यांनी तापाचं औषध दिलं आणि तळावर जायला सांगितलं.

"ताई, मी लई येळा सांगितलं, सुई टोचली न्हाई म्हनून," ती म्हणाली. "त्ये म्हनत्यात, मोबाइलात हाय. तुमी काय लिवलंय त्यात?"

मी तिला म्हटलं, तिथून हलू नकोस, पोरीला बाकीच्या पोरांपासून लांब ठेव, आणि डॉक्टरांकडं फोन दे.

डॉक्टर तरुण होते, समोर गर्दी होती. मी सांगितलं की ती नोंद चुकीची आहे, डोस दिलेला नाही. ते म्हणाले, "सिस्टर, फोनवर कोण बोलतंय हे मला कसं कळणार? ही नोंद बदलत नाही असं आम्हाला सांगितलंय. दुरुस्ती टाका. तोवर मी मुलीला पुन्हा तपासतो."

मी स्कूटी काढली आणि आरोग्य केंद्रात गेले. साहेबांसमोर उभी राहून सगळं सांगितलं, टोचण्या मोजल्या त्या संध्याकाळपासूनचं.

"वीस दिवस तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. मी दुरुस्ती भरली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'डोस दिलेला नाही. नोंद माझ्याकडून चुकून झाली.' त्यांनी मंजुरी दिली. पडद्यावर गोल फिरत राहिलं. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत बसलो. ते थांबलं, दुरुस्ती नोंदली गेली, आणि मी स्कूटीची किल्ली उचलली.

मग मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा. रस्त्यात एकदा थांबून तिला फोन केला तर तिनं उचलला नाही. ट्रकच्या मागं अडकले की वाटायचं, आत्ता तिथं श्वास लागला असेल. ती पोर दहा महिन्यांची होती.

पोहोचले तेव्हा आई दारात नव्हती. आतल्या खोलीत मुलीला एकटीला ठेवलं होतं, नाकाला ऑक्सिजनची नळी होती. गोवरच होता आणि छातीत उतरला होता. डॉक्टर म्हणाले, दुरुस्ती दिसायच्या आधीच त्यांनी तिच्या तोंडात बघितलं होतं, गालाच्या आतून गोवराची खूण असलेले पांढरे ठिपके होते. "आईचं ऐकायला पाहिजे होतं," ते म्हणाले. माझ्यापेक्षा स्वतःलाच जास्त.

सहा दिवस मुलगी तिथं होती. दुसरा दिवस वाईट गेला. पाचव्या दिवशी नळी काढली, तेव्हा ती आईच्या गळ्यातलं डोरलं ओढत होती. तळावरच्या बाकी लहानग्यांना तिकडच्या नर्सबाईंनी लस दिली. मला नोटीस आली, वेतनवाढ थांबली. मी उत्तरात काही लपवलं नाही.

घरी सोडायच्या दिवशी मी पुन्हा गेले. आईला वाचता येत नव्हतं. तिनं कार्ड माझ्यापुढं केलं आणि म्हणाली, "आता काय लिवलंय, वाचून दावा."

मी स्कॅन केलं. आधी डोस दिल्याची हिरवी ओळ, तिच्याखाली दुरुस्तीची लाल. मी दोन्ही मोठ्यानं वाचल्या, माझ्या नावासकट. खोलीत दोन बाया आणखी होत्या, त्याही ऐकत होत्या.

"म्हंजी मी खरं बोलत व्हते, हे बी आता ह्यात हाय," ती म्हणाली.

"हो."

"आन् ते कुनाला पुसता येनार न्हाई?"

"नाही."

तिनं कार्ड पिशवीत ठेवलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. मुलीला कडेवर घेऊन बाहेर गेली, आणि जिन्यावरून मागं वळून विचारलं, राहिलेली सुई कधी द्यायची. मी म्हटलं, गोवर होऊन गेला तरी ती द्यावी लागते, डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि तू असशील त्या गावात येऊन मी देईन.

दीड महिन्यानं ओतूरच्या अलीकडं, एका कांद्याच्या रानात मी ती दिली. या वेळी नोंद तिथंच, तिच्यासमोर भरली.