भरलेल्या वाट्या

खुब्याच्या ऑपरेशनसाठी रुग्णवाहिकेत चढवताना अल्फोन्स पाव्हलाकने बायकोला एवढंच सांगितलं, "पक्ष्यांकडे बघ."

"आधी स्वतःकडे बघ," राइनहिल्ड म्हणाली.

जर्मनीतल्या हेर्नमधल्या त्या खाणकामगार वसाहतीत खाण कधीच बंद झाली होती, परसातली खुराडी मात्र राहिली. बहुतेकांकडे शर्यतीची कबुतरं होती. अल्फोन्सने पाळले बजरीगर, मुठीत मावणारे हिरवे-निळे पोपट. शेजारी त्याला चिडवायचे, "काय रे, तुझे पोपट ब्रसेल्सहून उडत परत येतात का?" राइनहिल्डचा बाप कबुतरवाला होता. तिलाही नवऱ्याचा हा नाद पोरकटच वाटे.

सकाळी हॉस्पिटल, दुपारी धुणं, मग पाय ओढत परसात. ती पाणी बदलायची, तळाचा कागद काढायची. वाट्या काठोकाठ भरलेल्या दिसत. खात नसतील, असं म्हणून ती दार लावायची. बापाच्या खुराड्यात वाटीत दाणा दिसला की काम संपलेलं असे. कबुतर दाणा अख्खा गिळतं.

आज तिला हॉस्पिटलात जाणं झेपलं नाही. अल्फोन्सने फोन केला.

"खातात ना?"

"वाट्या तशाच भरलेल्या आहेत. तुझ्या विरहात उपास धरलाय त्यांनी."

"थट्टा पुरे. रोज फुंकर मारतेस ना?"

"कशावर?"



"राइनहिल्ड, ते दाणा सोलून खातात. फोलपट वाटीतच टाकतात. आत्ता जा."

ती गेली. पहिल्या वाटीवर फुंकर मारली आणि सगळी फोलपटं तिच्या तोंडावर उडाली. खाली पत्रा दिसला. दुसरीही तशीच. अल्फोन्सने टांगून ठेवलेल्या राळ्याच्या कणसांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. त्यांच्यावरच पक्षी तगले होते. तिने डब्यातून राळा ओतला तेव्हा ते तिच्या मनगटावरच उतरले, हात काढायचीही वाट पाहिली नाही.

पिवळी मादी मात्र घरट्याच्या पेटीतून बाहेर आली नाही. राइनहिल्डने झाकण उचललं. मादी पिसं फुगवून बसली होती. खाली तीन पिल्लं, त्यातली दोन थंडगार. तिसऱ्याची मान हलत होती. गळ्याखालची पिशवी रिकामी, सुरकुतलेली.

ती पिंजऱ्याशेजारच्या खोक्यावर बसली. उठावंसं वाटेना. खोटं खपलं असतं. पिल्लं अशीही मरतात, अल्फोन्सच सांगायचा. परत येईपर्यंत त्याला कळलंही नसतं.

तिने फोन लावला.

"पिवळीची दोन गेली. माझ्यामुळे."



"कबुतरवाल्याची पोरगी," तो म्हणाला. "मीच सांगायला हवं होतं. आणि तिसरं?"

"जिवंत आहे. कसंबसं. पिवळी जागची उठतच नाहीये."

"आई उठली नाही तर तेही जाईल. तुला नाही जमायचं ते, दर दोन तासांनी हाताने भरवावं लागतं. थकलीयेस तू."

"थकलेय ते मला माहीत आहे," राइनहिल्ड म्हणाली. "भरवायची पेज किती पातळ करायची, ते सांग."