फाटकाला कुलूप नव्हतं

उंद्रीच्या ग्रामसभेत सगळ्यात मोठा आवाज पुंजाजीचा. सरपंचाला अडवायचं तर त्यानंच. तोच पुंजाजी बुलढाण्याच्या कोर्टात साक्षीला उभा राहिला, तेव्हा न्यायाधीशबाईंना दोनदा सांगावं लागलं, जरा मोठ्यानं बोला.

मुकादम शालिग्रामनं त्याला आणि त्याच्या बायकोला, कौशल्याबाईला, बांधकामावर नेतो म्हणून नेलं, आणि उतरवलं परमुलखातल्या वीटभट्टीवर. तिथं फाटकाला कुलूप नव्हतं. बाजाराला पुंजाजी एकटाच जायचा. तो परत येईपर्यंत कौशल्याबाईला मालकाच्या घरात बसवून ठेवत. एकदा त्याला उशीर झाला, तर तिला डोक्यावर विटा देऊन भर उन्हात उभं केलं. त्यानंतर तो बाजारातून पळतच परतायचा.

पुढं सरकारी माणसं चौकशीला आली. मालक शेजारीच उभा होता. पुंजाजी हसून म्हणाला, आम्ही खुशीनं राहतो. माणसं निघून गेली. काही महिन्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा कौशल्याबाईच जीपसमोर जाऊन उभी राहिली. "आमाले घरी न्या," म्हणाली. तेव्हा सुटका झाली. गावात मात्र पुंजाजीनं सांगितलं, काम संपलं म्हणून आलो.

कोर्टात मालकाच्या आणि शालिग्रामच्या वकिलांनी त्याचं भट्टीवरचं बोलणंच धरलं. कुलूप नव्हतं, बाजाराला एकटे जात होतात, खुशीनं राहतो असंही तुम्हीच म्हणालात, मग सक्ती कसली? मागच्या बाकावर गावची माणसं बसली होती, कौशल्याबाईही होती. पुंजाजीची मान वर होईना.

असं का म्हणालात, न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"ही मालकाच्या घरात होती. जीप निघून जाईन अन् हिले मार पडीन, असं वाटलं. मी भेलो होतो, बाईसाहेब."

हा शब्द त्यानं आजवर कुणासमोर उच्चारला नव्हता.

निकालात कोर्टानं म्हटलं, सक्ती फक्त कुलपानं आणि मारानं होत नाही. भीतीपोटी दुसरा मार्गच उरत नाही, तेव्हा उघड्या फाटकाआडचा माणूसही डांबलेलाच असतो. अशा वेळी दिलेला होकार हा होकार नव्हे. मालकाला आणि शालिग्रामला शिक्षा झाली.

बसस्टँडवर कौशल्याबाई म्हणाली, "बोलले ते बरं केलं तुमी."

"तू बोलली म्हनून सुटलो," तो म्हणाला. "मी तं हसत होतो."

तिनं ते खोडून काढलं नाही. चिखलीची बस लागली तशी ती पुढं झाली आणि तिनं दोघांची जागा धरली.