येनाले टांगलेली टोपली

माझी सून रंजिता कमी बोलते अन् मी जास्त, म्हणून तिची गोष्ट मीच सांगून राहिली. सासू सुनेची तारीफ करते म्हणून कोणाच्या पोटात दुखत असन, तर दुखू द्या.

आमी ढिवर. सडक अर्जुनीहून आत, जंगलाच्या काठावर आमचं गाव. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडावर रेशमाच्या कोशाच्या अळ्या पाळणं हा आमचा पिढीजात धंदा. थोडे कोसे बियाण्याले ठेवायचे, त्यातून पाखरं निघतात, नर-मादीची जोडी लागते, मादी अंडी देते, तेव्हा कुठं पुढचं पीक. बियाणं गेलं का हंगाम गेला.

यंदा बियाणं माझ्या पोरानं, खेमराजनं निवडलं. जाडे, वजनदार कोसे तेवढे ठेवले अन् बाकीचे विकून मोकळा झाला. धानाचं बियाणं भरलेलं पाहून ठेवतात, तसंच त्याले वाटलं. पण बाप्पा, जाडा कोसा म्हणजे मादी. पोळ्यानंतर पाखरं निघाली, तर साऱ्या माद्याच. नर औषधालेही नाही. मी त्याले अशा शिव्या घातल्या का शेजारचा कवडू कुंपणापाशी येऊन उभा झाला. जोडी नाही लागली तर मादी पोकळ अंडी देते अन् चार दिवसांत मरते.

रंजितानं सांजेले साऱ्या माद्या बांबूच्या उघड्या टोपलीत ठेवल्या अन् टोपली जंगलाकडच्या येनाले टांगली. मादी पोटानं जड, उडून जात नाही.

"हे काय करून राहिली?" मी विचारलं.

"आई, मादी शेपटीकडून वास सोडते. आपल्याले येत नाही, पण रानातला नर लय दुरून हुंगते. त्याच्या मिशा पिसावानी असतात, त्या त्याच्यासाठीच. माहेरी माझा आजा असंच करे."

"कोण्या जंगलातला नर तुया दारी येईन वं?" कवडू हसला. मलेही तसंच वाटत होतं, खोटं कायले बोलू.

पाली-उंदरांच्या भेवानं तिनं झाडाखालीच खाट टाकली. फटफटल्यावर मी गेली, तर टोपलीत तांबडे नरच नर. साऱ्या नाही, पण बहुतेक माद्यायले जोडी लागली होती. रातभर जागून रंजिताचे डोळे लाल झाले होते. कवडूले मीच हाक मारून बोलावलं, ये म्हटलं, आता हास.

अंडी फुटली, अळ्या निघाल्या. आमच्या घरी पयल्या अळ्या झाडावर सोडायचा मान घरच्या मोठ्या बाईचा. माझ्या सासूनं मरेपर्यंत तो कोणाले देला नाही, अन् मीही देणारी नव्हती. यंदा साऱ्या मोहल्ल्यासमोर अळ्यांचा द्रोण मी रंजिताच्या हातात ठेवला. ती मागं सरून राहिली.

"सोड," मी म्हटलं. "हे पीक तुयं आहे."